समेवर मान हलवणारा

काल सवाई गंधर्व संगीत महोत्सवाहून परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही, आणि त्याचे कारण इतके क्षुल्लक आहे की मीनलला फोनवर सांगता सांगता मी ते गिळून टाकले. तो तेथे भेटेल हे मी धरूनच चालले होते. तीही सोबत असेल, याचीही तयारी होती. तयारी नव्हती ती विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रा बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्या आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की डोळे मिटून मान हलवणाऱ्या माणसाची.

विलंबित सुरू झाले की हा माणूस उठत असे. महोत्सव रमणबागेत भरत होता त्या वर्षांत, "गाडी सुटायला अजून वेळ आहे, तोवर वडा खाऊन येतो," असे म्हणून तो जो जाई तो द्रुत, जलद लय सुरू झाल्यावरच लोकांचे गुडघे ओलांडत परत येई, आणि शेजारच्या सतरंजीवरील काकांची नजर चुकवत मी त्याच्या जागेवर पसरलेली शाल उचलून घेई. एकदा तरी शेवटपर्यंत बस, एवढेच माझे मागणे होते. त्यावरून भांडणे झाली. त्यांत गाणे किती आणि इतर गोष्टी किती होत्या, ते आता उकरत नाही. २०१८ साली महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला, तोवर आमचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

काल तो जागचा हलला नाही. मी थोडी मागे, तिरकी बसले होते, त्यामुळे नको ते सगळे नीट दिसत होते. तिने त्याला थांब म्हटले नाही, त्याचा हातही धरला नाही. ती आपली ऐकत होती. जे मी मागून, रुसून, प्रसंगी रडूनही मिळवू शकले नाही, ते तिला न मागता मिळाले आहे. माझ्या जागी दुसरे कोणी आले, हे दुःख आता जुने झाले आहे. पण त्या जागेच्या शेजारी बसणारा माणूसही बदललेला असावा, हे नवे आहे. आईची चंदेरी नेसून गेले होते मी. असो.

रात्रभर एकच प्रश्न उलटापालटा करत राहिले: तो तिच्यासाठी बदलला, की माझ्यापासून सुटल्यामुळे बदलला? पहिले खरे असेल तर तिचा हेवा वाटतो. दुसरे खरे असेल तर काय वाटते, ते वाक्य लिहिले होते, खोडले.

दोन कलाकारांच्या मधल्या वेळात कॉफीच्या रांगेत गाठ पडलीच. "पूरिया काय रंगला, नाही?" तो जाणकाराच्या सुरात म्हणाला. गायिकेने मारवा गायला होता. दोन्ही रागांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य, स्वर सगळे तेच. पण पूरिया गंधार-निषादावर विसावतो, तर मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळत षड्जाला असा टाळत राहतो की ऐकणाऱ्याला घर सापडू नये. स्वर तेच असून विसावा कोठे घ्यायचा एवढ्यावर राग बदलतो, तर माणसाचेही तसेच असेल, असे मनात आले, आणि इतकी सोयीची तुलना सुचल्याबद्दल स्वतःचाच कंटाळा आला.

"मारवा," मी एवढेच म्हणाले.

"तेच ते," तो हात उडवून म्हणाला. अगदी त्याच जुन्या सुरात, ज्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असे. काल मात्र ते ऐकून मला इतके बरे वाटले की तिघांच्या कॉफीचे पैसे मीच दिले.

ती काही बोलली नाही. कप दोन्ही हातांत धरून तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले, आणि तिला फरक ठाऊक होता की नाही, हे त्या पाहण्यावरून मला कळेना. ठाऊक असूनही तिने त्याला दुरुस्त केले नसेल, तर तो आता शेवटपर्यंत का बसतो याचे उत्तर मिळाले असे म्हणावे लागेल, आणि ते उत्तर मला मुळीच आवडलेले नाही. आजचेही तिकीट काढून ठेवलेले आहे. भारतीय बैठकीऐवजी खुर्चीत, अगदी पुढे कोठे जागा मिळते का, ते पाहणार आहे.