तिथीबरहुकूम भटकणारे जीव

पहिला दिवस (आपली अमावास्या)

चीनच्या ताओ परंपरेतल्या ‘हुन’ आणि ‘फो’ या देहात राहणाऱ्या जीवांबद्दल मराठीत काही लिहू गेलं की आडवा येतो तो ‘आत्मा’ हा शब्द. आत्मा म्हणजे एकच, न जळणारा, न भिजणारा. इथे एका देहात तीन हुन आणि सात फो. हुन यांग, म्हणजे उजळ बाजूचे, हलके. फो यिन, म्हणजे काळोख्या बाजूचे, जड. माणूस मेला की हुन वर जातात आणि फो हाडामांसाबरोबर मातीत मुरतात. जिवंतपणीही ही मंडळी एका जागी बसत नाहीत. यांना मुक्त करायचं नसतं, घरात ठेवायचं असतं. भाडेकरू म्हटलं तर अर्थ जास्त लागतो.

जोडी जुनी आहे. इ. स. पूर्व 535 मध्ये चंग राज्यात बोयोउ नावाच्या मारल्या गेलेल्या सरदाराच्या भुताची दहशत पसरली. मंत्री झिछान याने त्याच्या मुलाला पद दिलं आणि भूत थांबलं. झिछानचं म्हणणं असं, की माणूस घडताना आधी फो तयार होतो, मग त्यातला यांग भाग म्हणजे हुन. आणि भुताला परतायला जागा मिळाली की ते त्रास देत नाही. तीन आणि सात हे आकडे मात्र पुष्कळ नंतरचे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ग हुंग हा ताओ लेखक लिहितो तेव्हा ते रुळलेले दिसतात. पुढचे टीकाकार त्याचं कारण लोशू या 1 ते 9 आकड्यांच्या जुन्या चिनी जादूच्या चौकोनात शोधतात: पूर्वेला, लाकडाच्या दिशेला 3, पश्चिमेला, धातूच्या दिशेला 7. पटण्यासारखं आहे, पण आकडे आधी आणि कारण मागून आलं असाही वास येतो.

तारखांची एक मेख. चिनी महिनाही आपल्यासारखा अमान्त, पण अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो तोच त्यांचा पहिला दिवस. आपण सूर्योदयाची तिथी धरतो. त्यामुळे आपल्या तृतीयेला बहुधा त्यांची चौथी असते. हुन आणि फो यांना आवरण्याची साधना चिनी महिन्याच्या ठरलेल्या दिवशीच असते; कालनिर्णय बघून ती लावली तर दिवस चुकतो.

तिसरा दिवस (द्वितीया)

3, 13 आणि 23 या रात्री हुन देह सोडून हिंडायला जातात. बाहेर एखाद्या बलवान भुताने धरलं, तर परतता येत नाही. ‘जीव थाऱ्यावर नाही’ हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः खरा.

त्यांना धरून ठेवण्याची रीत अकराव्या शतकातल्या ‘युनची छिछ्येन’ या संकलनात आहे. उताणं झोपायचं, उशी काढायची, पाय सरळ, दोन्ही हात छातीवर एकावर एक. डोळे मिटून तीन श्वासांइतका वेळ दम धरायचा, तीनदा दात वाजवायचे. मग कोंबडीच्या अंड्याएवढी लाल वाफ आतून वर चढून डोळ्यांवाटे बाहेर पडते, मोठी होऊन अंगभर पसरते, तिची आग होते आणि देह जळून निघतो, असं मनात पाहायचं. आत जराशी ऊब जाणवली की तिघांना नावाने हाक: ताइक्वांग, श्वांगलिंग, योउचिंग. घाई होते ती इथेच. ऊब येण्याआधीच नावं घेतली तर ती नुसती पोपटपंची.

तिघेही साधू नाहीत, हे सहसा कुणी सांगत नाही. ताइक्वांग निर्मळ. श्वांगलिंग माणसाला बेत आणि काळज्या यांत गुंतवतो. योउचिंग वासना आणि झोप यांच्याकडे ओढतो.

पंधरावा दिवस (चतुर्दशी)

आज फोंची पाळी. पहिला, पंधरावा आणि महिन्याचा शेवटचा दिवस त्यांचे. नावं ऐकली की स्वभाव कळतो: प्रेतकुत्रा, दडलेला बाण, चिमणी-यिन, गिळणारा चोर, घाण काढणारा, नासकं फुफ्फुस, आणि उरलेल्या एकाच्या नावात विष आहे. हुन बाहेर जातात, फो बाहेरच्या भुताखेतांना आत आणतात. म्हणून इथे बोलावणं नाही, बंदोबस्त आहे.

सरळ उताणं झोपून तळहातांनी कान झाकायचे, बोटांची टोकं मानेमागे जुळवायची. सात वेळा दम धरायचा, सात वेळा दात वाजवायचे. नाकाच्या शेंड्यावर बारीक कडधान्याएवढी पांढरी वाफ मनात पाहायची. ती वाढून देहाला नऊ पदरी वेढते आणि तिचे पहारेकरी होतात. दोन्ही डोळ्यांत निळे ड्रॅगन, नाकपुड्यांत पांढरे वाघ, चौघांची तोंडं बाहेर. हृदयावर लाल पक्षी, डाव्या पायाखाली कासव, उजव्या पायाखाली साप. कानांशी हातात ज्योत धरलेल्या दोन देवकन्या. मग सात वेळा लाळ गिळायची, पुन्हा सात वेळा दात, आणि सातही नावं. वाघांची तोंडं आत वळवलीत, तर राखण कुणाची आणि कुणापासून?

चिनी वैद्यांना मात्र सातांशी घेणंदेणं नाही. त्यांच्या लेखी हुन यकृतात, फो फुफ्फुसात, संपलं. पाठीवर कण्यापासून तीन छून (अंगठ्याच्या रुंदीचं माप) अंतरावर तिसऱ्या वक्षमणक्याशी ‘फोचं दार’ आणि नवव्याशी ‘हुनचं दार’ हे सुई टोचायचे बिंदू आजही शिकवतात. ताओ साधनेचा आकडा आणि वैद्यकाचा अवयव एकाच तक्त्यात कोंबायला गेलं की गोंधळ उडतो.

तीन ‘शी’ म्हणजे देहात राहणारे प्रेतकृमी, तेही या दहांत मोजू नयेत. ते चिनी पंचांगातल्या 60 दिवसांच्या चक्रात 57व्या, कंगशन दिवशी, माणूस झोपला की वर स्वर्गात जाऊन त्याच्या पापांची चुगली करतात. मोठ्या पापाला आयुष्यातले 300 दिवस कापले जातात, लहानाला 3. उपाय: रात्रभर जागं राहणं. चंद्राशी याचा संबंध नाही.

तेविसावा दिवस (वद्य सप्तमी)

हुन आज पुन्हा मोकळे. निघून गेलेल्याला परत बोलावण्याचा सगळ्यात जुना विधी कपड्याचा आहे. प्राचीन चिनी संस्कारग्रंथांप्रमाणे कुणी वारलं की एकाने त्याचा कपडा घेऊन पूर्वेकडच्या वळचणीवरून छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नाव घेऊन ‘परत ये’ म्हणायचं, कपडा खाली टाकायचा. खालचा माणूस तो पेटीत झेलतो आणि देहावर पांघरतो. मागच्या वायव्येकडून उतरायचं. एवढं करून हालचाल नाही, तरच पुढची तयारी.

तैवानमध्ये दचकलेल्या मुलासाठी आजही हेच लहान प्रमाणात चालतं. पेल्यात तांदूळ काठोकाठ भरून त्यावर मुलाचा सदरा ताणून बांधतात, उदबत्ती फिरवत नाव घेऊन बोलावतात, मग कापड काढून तांदळावरच्या खळग्यांवरून भीती कशाची होती ते वाचतात. तांदूळ आधीच नीट दाबून सपाट केला नसेल तर वाचायला काही उरत नाही. आपल्याकडे जीव भांड्यात पडतो, तो असाच. शेवटी तोच सदरा मुलाच्या अंगात घालतात.