यंदा विषय काय?

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव भाद्रपदात नव्हे, आषाढातच सुरू व्हायचा. देवळाच्या कट्ट्यावर रात्री जेवणं उरकून सगळे जमायचे, मधे पेपरावर भडंग ओतलेला असायचा आणि कुणीतरी विचारायचं, "यंदा विषय काय?" मग वर्षभरात जगात जे काही घडलं असेल त्यातलं काय आपल्या मांडवात आणायचं, यावर मध्यरात्रीपर्यंत भांडण. सांगलीच्या गावभागातली आमची गल्ली एवढीशी. वर्गणी बेताची, पण विषयाच्या बाबतीत कुणी माघार घ्यायला तयार नसायचं.

अध्यक्ष दरवर्षी बदलायचे. दिवाणजीकाका मात्र बदलायचे नाहीत. हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात ते हिशेब लिहायचे. कुणी कसलाही विषय काढला की ते विचारायचे, "आपल्या गल्लीशी त्याचा संबंध काय, तेवढं सांग की."

1998 मध्ये पोखरणची चाचणी झाली तेव्हा या प्रश्नाचं उत्तर कुणालाच धड देता आलं नाही. तरी देखावा पोखरणचाच झाला, कारण पोरांना धुराचं मशीन भाड्यानं आणायचं होतं. आरतीला निम्मी गल्ली खोकत होती.

पुढच्या वर्षी कारगिल. सगळ्या गावात थर्माकोलचे बर्फाळ डोंगर उभे राहणार हे उघड होतं. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि कट्ट्याच्या टोकाला बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "माझ्या नातवाचं पत्र येतंय की तिकडनं." सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांना 'केअर ऑफ 56 एपीओ' हा फौजेतल्या टपालाचा पत्ता तोंडपाठ. त्या वर्षी डोंगर झाला नाही. एक ओसरी, एक पोस्टमन आणि पत्र वाचून घेणारी म्हातारी, एवढाच जिवंत देखावा. बंदूक नाही म्हणून पोरं नाराज होती, पण बायका दोन-दोनदा बघून गेल्या.

त्या देखाव्याचं निवेदन माझ्या आवाजात होतं. त्याचं कारण काही फार थोर नव्हतं. पोरींनी वर्गणीला फिरायचं नाही, मांडवाच्या बांबूवर चढायचं नाही, मिरवणुकीत मागून चालायचं, असा तेव्हाचा शिरस्ता. मग पोरींनी करायचं काय? तर रांगोळी, प्रसाद आणि कॅसेटमधला आवाज. मला याचा राग यायचा आणि अजूनही येतो. पण त्या कॅसेटमुळे लिहिणं माझ्याकडे आलं हेही खरं.

पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक राजवाड्यातून सरकारी घाटाकडे जायची. ती बघून परतणारी गर्दी आमच्या गल्लीतून वळायची, म्हणून पडदा त्याच संध्याकाळी उघडायचा. चार मिनिटांच्या वर निवेदन गेलं की माणसं पुढे सरकतात, हा काकांचा हिशेब. मी आठ मिनिटांचं लिहून न्यायची. ते कानावर पेन्सिल अडकवून ऐकायचे आणि विशेषणं आली की हात वर करायचे. 'शूर', 'महान', 'काळीज पिळवटून टाकणारं' असं एकेक गळत जायचं. पुढे पुण्यात नोकरीत कागद लिहायची वेळ आली तेव्हा साहेबांना माझं लिखाण कोरडं वाटायचं. मला ती शाबासकी वाटायची.

सगळ्यात चांगला देखावा 2005 चा. जुलै-ऑगस्टच्या पुरानं गावभागात पाणी आलं होतं आणि गणपती आले तरी गल्लीतला चिखलाचा वास गेला नव्हता. विषयावर त्या वर्षी दुमत नव्हतं, भांडण होतं ते दोष कुणाचा यावर. अर्धी बैठक खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडत होती, अर्धी नदीकाठच्या भरावांच्या. काका मला म्हणाले, "दोष सांगू नकोस. पाणी कुठनं कुठं जातं ते सांग."

मग पत्र्याचा लांबलचक ट्रे केला. वर कोयना, ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते. मधे सांगली आणि 1929 चा आयर्विन पूल, त्याच्या खांबावर रंगानं फुटांच्या खुणा: 40 इशारा, 45 धोका. खाली हरिपूरला वारणा, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि शेवटी अलमट्टीची भिंत. टुल्लू पंप सुरू केला की पाणी फिरायचं. वारणेची तोटी जास्त सोडली की हरिपूरला पाणी अडायचं आणि मागे सांगलीला फुग चढायची. एवढं दिसलं की लोक गप्प व्हायचे आणि लगेच दुप्पट आवाजात बोलायला लागायचे. निवेदन कुणी ऐकतच नव्हतं. माणसं ट्रेवर वाकून आपलं घर शोधत होती. "इथं आमचा जिना, इथपर्यंत पाणी." एका शिक्षकांनी वारणेची तोटी बंद करून परत दाखवायला लावली. पडदा ओढायलाच दिला नाही कुणी.

2019 ला आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गणपती 2 सप्टेंबरला होते. मी पुण्याहून आले तेव्हा पोरं म्हणत होती, तोच ट्रे पुन्हा करू, आता मोटर चांगली मिळते. काका थकले होते, ऐकायला कमी येत होतं. विषय समजल्यावर म्हणाले, "भिंती ओल्या हायत अजून. ज्यांच्या घरात पूर येऊन गेला त्यांनाच पूर दाखवायचा व्हय?" त्या वर्षी मांडवात छोटी मूर्ती बसली आणि शेजारी झेरॉक्सचं मशीन. मदतीच्या अर्जांना जोडायला रेशनकार्ड, पासबुक, आधार, सगळ्याच्या प्रती लागत होत्या आणि लोक ओले कागद इस्त्री करून आणत होते. मी अर्ज भरून द्यायला बसले. निवेदन नव्हतंच.

काका आता नाहीत. बैठक अजून होते, व्हॉट्सअॅपवर सुरू होऊन शेवटी कट्ट्यावरच येते. 2025 ला अलमट्टीची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करण्याचा वाद तापला होता, तेव्हा विषय आपोआप ठरला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. वर्गणीची वही सांभाळणारी कॉलेजची पोरगी उठली आणि म्हणाली, "उंची वाढली तर आपल्या गल्लीत पाणी किती चढेल, हे आपल्याला दाखवता येईल का? नाहीतर नुसत्या घोषणा होतील." यावर जुनी मंडळी चिडली. अलमट्टीवर सांगलीत असे प्रश्न विचारायची पद्धत नाही. तिनं वही मिटली नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गल्लीतले एक इंजिनिअर आहेत, त्यांना आधी विचारू, मग ठरवू, असं म्हणाली. निवेदन मला लिहायला सांगितलं आहे. लांबी दीड मिनिट, कारण रीळ त्याहून मोठं कुणी बघत नाही म्हणे. मी दोन मिनिटं मागितली आहेत, त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.