नारिंगी आणि नारांखा

स्पॅनिश शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. रंगांच्या धड्याला वर्गात येतो, तसाच लग्नाच्या पंगतीतही येतो: "त्यांचं ‘नारांखा’ आणि आपलं नारिंगी एकच का हो? कुणी कुणाकडून घेतलं?"

‘नारांखा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये संत्रं, आणि संत्र्याचा रंगही. तर, त्यांनी आपल्याकडून. अर्थात ‘आपल्या’ म्हणताना जरा बेतानं. संस्कृतात नारंग आहे खरा, पण त्याचं मूळ द्राविडी असावं असं बरेच भाषाभ्यासक मानतात. मल्याळममध्ये लिंबाच्या जातीच्या फळांना आजही नारंगाच म्हणतात. संस्कृतातून शब्द फारसीत गेला. पुढे अरबीत ‘ग’ नाही, म्हणून तिथे झाला नारंज. ७११ साली अरब-बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि पुढच्या काही शतकांत पाटपाण्याच्या बागांबरोबर हे झाडही तिकडे रुजलं. ‘ज’चा घशातला ‘ख’ स्पॅनिशनं बऱ्याच नंतर केला.

पण हे फळ होतं कडवट-आंबट. स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या रस्त्यांवर अजून तीच झाडं आहेत. फुलांचा वास घ्यावा, फळाच्या वाटेला जाऊ नये. ते इंग्लंडात मार्मालेडसाठी, म्हणजे तिकडच्या कडवट-गोड मुरंब्यासाठी, जातं.

गोड फळ युरोपात पसरलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा हात मोठा. मग नावांची खरी गंमत सुरू झाली. ग्रीकांनी कडू ते नेरांत्झी ठेवलं, गोडाला पोर्तोकाली म्हटलं. अरबीत बुर्तुकाल, तुर्कीत पोर्ताकाल. ज्या फारसीनं हा शब्द पश्चिमेला धाडला, तिनंही गोड फळाला पोर्तेगालच म्हणावं! डचांनी तर त्याला ‘चिनी सफरचंद’ करून टाकलं. स्पॅनिशनं मात्र जुनंच नाव गोडाला दिलं आणि मूळच्या मालकाला ‘नारांखा आग्रिया’, म्हणजे आंबट नारिंग, म्हणून बाजूला बसवलं. शेजारच्या पोर्तुगालचं नाव रोज तोंडात नको, असा अस्सल शेजारधर्म मला त्यात दिसतो. पुरावा मागू नका.

इंग्रजी ‘ऑरेंज’चा सुरुवातीचा ‘न’ कुठे गेला, हा पुढचा प्रश्न. तो इंग्रजीत पोचण्याआधीच फ्रेंच-इटालियन बोलण्यात आधीच्या ‘एक’ अर्थाच्या ‘उन’, ‘उना’ला चिकटून गळाला.

विद्यार्थ्यांना सगळ्यात आवडतं ते ‘मेदिया नारांखा’, शब्दशः अर्धं संत्रं. स्पॅनिश माणूस आपल्या जोडीदाराला असं म्हणतो.

आणि आपण? नागपूरचं ते संत्रं, दुसरी मोझांबिकच्या नावाची मोसंबी. नारिंग आपल्याकडे उरलं ते बहुतेक साडीच्या रंगापुरतं.