‘अधिकृत सेवा केंद्राचं पत्र जोडा’

ऑनलाइन घेतलेल्या एका जुन्या घड्याळाचे पैसे परत मिळून महिना होत आला, तरी ‘अधिकृत सेवा केंद्र’ हे शब्द कुठे दिसले की माझं डोकं अजून तापतं.

चोपड्याला माझं औषधांचं दुकान आहे आणि जुन्या एचएमटी घड्याळांचा नाद आहे. जनता, कोहिनूर, सोना धरून अकरा जमवलीत. ‘पायलट’ तेवढं नव्हतं. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, रोज सकाळी चावी द्यायची. भुसावळला रेल्वेत गार्ड असलेल्या काकांच्या मनगटावर ते पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं. एप्रिलमध्ये एका खरेदी-विक्रीच्या साइटवर ते दिसलं. ‘सत्तरच्या दशकातलं, न वापरलेलं, शंभर टक्के ओरिजिनल.’ किंमत ४,८५० रुपये. मी लगेच फोटोचा स्क्रीनशॉट काढला आणि धुळ्याच्या मेहुण्याला पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ, नजर लागते याला.’ हे वाक्य पुढे त्याने मला बरंच ऐकवलं.

घड्याळ आलं, छान चाललं. नवा चामडी पट्टा घालून दोन दिवस गल्ल्यावर मिरवलं. तिसऱ्या दिवशी अंमळनेरला काम होतं म्हणून नेहमीच्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, बसस्टँडपासून थोडं आत, खोक्याएवढं दुकान. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि अर्धं मिनिट काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “हाई तबकडी नवी शे, भाऊ.”

भिंग माझ्या हातात दिलं. नुसत्या डोळ्यांना दिसलं नव्हतं ते आता दिसायला लागलं. तबकडीवरच्या ‘१७ ज्वेल्स’ मधली अक्षरं एकसारखी नव्हती, ‘पॅराशॉक’ एका बाजूला झुकलेलं. मधल्या भोकाच्या कडेला काळ्या रंगाचा ओघळ सुकलेला. त्यांनी मशीन बाहेर काढून तबकडी उचलली. तबकडीला मागून दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. इथे पाय कापलेले आणि तबकडी दुहेरी टेपने चिकटवलेली. मशीन एचएमटीचंच, बाहेरची धातूची डबी दुसऱ्या कुठल्या मॉडेलची, काटे तिसरीकडचे. न वापरलेल्या म्हणून विकलेल्या त्या घड्याळाच्या झाकणावर आतून जुन्या दुरुस्तीच्या दोन तारखा कोरलेल्या होत्या. अकरा घड्याळं जमवणारा मी, चहाच्या कपात तोंड घालून बसलो.

विक्रेत्याला कळवलं तर त्याचं उत्तर: ‘मशीन एचएमटीचं आहे ना? घड्याळ चालतंय ना? मग नकली कसं?’ नंतर गोडीत आला: तक्रार करू नका, पंधराशे रुपये यूपीआयने पाठवतो. मी नाही म्हटलं, आणि हे तरी शहाणपणाचं केलं. साइटच्या बाहेर पैसे घेऊन तक्रार बंद केली असती, तर पुढे मागायला तोंडच राहिलं नसतं.

मग तो अर्ज. परतीचं कारण निवडायचं होतं. यादीत वरच ‘वस्तू नकली आहे’ होतं. मी चिडलेला, तेच दाबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: नकली असल्याबद्दल कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचं पत्र जोडा. एचएमटीची घड्याळं बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली सुरू झाली आणि घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. अशा कंपनीच्या पत्रासाठी मी जाणार कुठे? हे मी चॅटवर सविस्तर लिहिलं. समोरून, ‘आपली गैरसोय समजते. कृपया दोन मिनिटं थांबा.’ दोन मिनिटांनी, ‘कृपया अधिकृत सेवा केंद्राचं पत्र जोडा.’

दुसऱ्या दिवशी वेगळा माणूस, पहिल्यापासून तीच कथा. तिसऱ्याने सांगितलं, अनुभवी घड्याळजीचं पत्रही चालेल, पण लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी. मे महिन्याचं ऊन, एसटीत खिडकीचा पत्रा हाताला चटके देतोय, आणि मी पुन्हा अंमळनेरला. घड्याळजींकडे लेटरहेड कुठून असणार? त्यांच्याकडे पावतीपुस्तक होतं. एका पावतीच्या मागे त्यांनी सुरेख अक्षरात लिहून दिलं, की तबकडी रंगवलेली, पाय कापलेले, डबी वेगळी. शिक्का चाळीस वर्षांपूर्वीचा, शाई वाळलेली. तीनदा उमटवला तेव्हा कुठे अर्धा उमटला. मोठ्या अभिमानाने अपलोड केलं. नामंजूर: ‘कागदपत्र योग्य स्वरूपात नाही.’ फोटो काढून पाठवला, नामंजूर. पीडीएफ करून पाठवली, तीही नामंजूर. चौथ्या वेळी कारणसुद्धा दिलं नाही. तोवर एकोणीस दिवस गेले होते आणि बायको म्हणायला लागली होती, “सोडा आता, एवढ्याची तर तुम्ही गोळ्यांवर सूट देता.”

बीएस्सी करणाऱ्या पुतणीने तो अर्ज पाहिला आणि विचारलं, “काका, तुम्ही नकली का निवडलं? खाली बघा ना.” खाली, बोट सरकवल्यावर दिसणारं सहावं कारण: ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. त्याला कुठलंच पत्र लागत नव्हतं. लागत होतं फक्त वर्णन आणि वस्तूचे फोटो.

पण वर्णन पाहायला गेलो तर विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ आणि ‘न वापरलेलं’ दोन्ही काढून टाकलेलं! तिथे मेहुण्याला मारलेली फुशारकी कामी आली. तारखेसकट स्क्रीनशॉट त्याच्या फोनवर शाबूत. म्हणून सांगतो, पैसे भरायच्या आधी पूर्ण वर्णन टिपून ठेवा. आणि उघडलेल्या झाकणाचा, आतल्या मशीनचा फोटो मागा. देत नसेल तर तिथेच राम राम.

नव्या कारणाने अर्ज केला, शिवाय साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्यात ती निकाली काढायची असते. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्यातच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार क्रमांक घेतला आणि तो मेलमध्ये टाकला. वर एक ओळ जोडली, की न झाल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ती ओळ लिहिताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठव्या दिवशी कुरियरवाला घड्याळ घेऊन गेला. अरे हो, देताना खोकं बंद करण्यापासून चिठ्ठी चिकटवण्यापर्यंत व्हिडिओ काढा. मी काढला होता, कारण पुतणी उभी होती. ४,८५० पूर्ण परत आले. एसटीचं भाडं आणि चार हेलपाटे माझ्याच खाती.

परवा सहज त्याच साइटवर डोकावलो. तेच पायलट पुन्हा विक्रीला, ‘ओरिजिनल’ परत आलेलं, किंमत ५,२००. फोटोत त्याच्यावर माझा चामडी पट्टा होता. घाईत काढायचा राहून गेला होता, दोनशे चाळीस रुपयांचा.