हळद, नोटा तपासायचा दिवा आणि मोबाईलची स्क्रीन

सांगलीच्या यार्डात सौदा चालू असताना खरेदीदार हळकुंड कटकन मोडतो आणि आधी आतला रंग बघतो. तो रंग म्हणजे कर्क्युमिन. मी भाच्याला म्हणलं, तुझ्या मोबाईलची अमोलेड स्क्रीन (म्हणजे कार्बनी रेणू स्वतःच उजेड देतात ती) आणि ही राजापुरी हळद यांची केमिस्ट्री मुळात एकच आहे, तर हसायला लागला. मग काय, दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घोळली, गाळ खाली बसू दिला, दुकानातला नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा आणला आणि घरातले लाईट घालवले, बाटली अशी हिरवट-पिवळी पेटली की बघतच राहिला! (पाण्यात करू नका, कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना.)

आता हे होतं कसं, तर कार्बनच्या साखळीत एक सिंगल बॉण्ड, एक डबल, परत सिंगल, परत डबल अशी रांग लागली की त्यातले काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधून राहत नाहीत, साखळीभर पसरतात. त्यांना वर उडवायला दिसणारा प्रकाशसुद्धा पुरतो, आणि खाली येताना ते उजेड देतात. ओएलईडीत, म्हणजे अमोलेड स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये, दिव्याऐवजी वीज सोडायची, बाकी खेळ तोच. कोडॅक या फोटो-फिल्मच्या कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाईक यांनी १९८७ ला हे १० व्होल्टच्या आत करून दाखवलं, आणि रेणूंचे दोन थर मिळून जाडी १५० नॅनोमीटरसुद्धा नव्हती.

घोळ एवढाच की विजेनं उत्तेजित झालेले ७५ टक्के रेणू ट्रिपलेट नावाच्या अवस्थेत अडकतात आणि उजेड न देता नुसतेच गरम होतात. त्यावर इरिडियमवाले रेणू आले, पण तो धातू महाग. २०१२ ला जपानच्या क्युशू युनिव्हर्सिटीत चिहाया अदाची या शास्त्रज्ञाच्या ग्रुपनं धातूशिवाय, साध्या खोलीतल्या उष्णतेवर ते ७५ टक्के परत कामाला लावले. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे २०१८ ला त्याच पद्धतीनं इन्फ्रारेडच्या उंबरठ्यावरचा उजेड देणारा जो रेणू आला, तो कर्क्युमिनच्याच सांगाड्याला बोरॉन जोडून केलेला. आमच्या हळदीचा चुलतभाऊच की!

दुखणंपण सेमच. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो हे घरोघरी माहितीये. प्रकाश आणि ऑक्सिजन मिळून ती साखळीच तोडतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात (जमिनीतलं कोठार) हळद वर्षानुवर्षं टिकायची कारण जमिनीखाली ऊन नाही आणि हवापण जेमतेम, आणि स्क्रीनवाले तरी वेगळं काय करतात, हवा आणि दमटपणा आत जाऊ नये म्हणून सगळं सील करतात. पण निळ्या पिक्सेलचा उजेड आतूनच येतो ना, आणि त्याची ऊर्जा रेणूतले नाजूक बॉण्ड तोडायच्या जवळपास जाते. म्हणून बहुतेक फोनमध्ये लाल-हिरवा इरिडियमवर गेला तरी निळा जुन्याच, ७५ टक्के वाया घालवणाऱ्या पद्धतीवर चाललाय, आणि तो लवकर मरू नये म्हणून बऱ्याच स्क्रीनमध्ये निळा पिक्सेल मोठा ठेवतात, म्हणजे त्याच्यावर लोड कमी. जुगाडच आहे, पण चालतोय.