जाबदार क्रमांक १

देवळाली कॅम्पात तोफेचा आवाज कुकरच्या शिट्टीइतकाच अंगवळणी पडतो. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडकीची सैल काच वाजते आणि अण्णा पेपरातून मान वर न काढता गोळे मोजतात. चोवीस वर्षं तोफखान्यात काढलीत त्यांनी.

परवा म्हणाले, "ताई, कुणावर गोळी झाडायची हे आता मशीनच ठरवणार म्हणे. तुझ्या कायद्यात बसतं का हे?"

माझा कायदा म्हणजे नाशिक कोर्टातले मोटार अपघाताचे क्लेम. अर्ज लिहायला घेतला की आधी जाबदार, म्हणजे ज्यांच्याकडून भरपाई मागायची ते : ड्रायव्हर, गाडीमालक, विमा कंपनी. गाडीचा नंबरच मिळाला नाही तर 'अज्ञात वाहन'. मग ठरलेली रक्कम, २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार, आणि फाइल बंद. सिन्नर-घोटी रस्त्यावर मुलगा गेलेल्या एका बाईंनी रकमेचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गाडी कुणाची होती?"

एआय शस्त्रांचं असंच अज्ञात वाहन होणार, असं मला वाटतं. ड्रोनने चुकून वऱ्हाडाचा ट्रक उडवला, तर कमांडर म्हणेल सिस्टिमने दाखवलं, कंपनी म्हणेल डेटा लष्कराचा होता. जाबदार क्रमांक १ कोण?

कायदा अगदीच हात बांधून बसलाय असंही नाही. माणसाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर ती रणांगणावर रुळायच्या आधीच, १९९५ मध्ये, बंदी आली. भारतानेही ती मानली. पण लेझर दिसतं, मोजता येतं. ड्रोन तोच, काल माणूस बटण दाबत होता, रात्री अपडेट आलं आणि आज तो स्वतःच निशाणा निवडतोय. तपासणाऱ्याने काय उघडून बघायचं, बॅटरीचं झाकण? युरोपने २०२४ मध्ये एवढा जाडजूड एआय कायदा केला, त्यातून लष्करी वापर सरळ वगळला. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अशा स्वतःच निशाणा निवडणाऱ्या, स्वायत्त शस्त्रांवर ठराव आला : बाजूने १५२, विरोधात ४. रशिया, बेलारूस, माली आणि आपण. तो आकडा वाचून मी चहा गार होऊ दिला.

सरसकट बंदीची आशा मी धरत नाही. हल्ल्याआधी एका हाडामांसाच्या माणसाचं नाव कागदावर असलं पाहिजे, इतकं जरी करारात आलं तरी मला भांडायला जागा मिळेल.

अण्णांना हे फार वकिली वाटलं. "रेंजवर गुरं शिरली, गुराखी दिसला, की ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, स्टॉप. नवा पोरगा ओरडला तरी सगळ्या तोफा गप्प. का ओरडलास, ते नंतर."

"आणि कोण ओरडलं, ते लिहून ठेवायचे?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांनी ऐकलेलं असायचं."

काच वाजली. अण्णांनी पेपर उलटला. "चार," म्हणाले.