तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच मणक्याचे दोन नंबर

"डॉक्टर, फिल्म एकच. तुम्ही म्हणता बेल्ट लावा, ते म्हणतात ऑपरेशन करा. मग खोटं कोण बोलतंय?"

हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांचे मणके बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ओपीडीत ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पुढचा प्रश्नही दिसतो: यात पैशाचा मामला तर नाही ना? कुठे तसं होत नसेलच अशी ग्वाही मी देणार नाही. पण पैशाचा काहीही संबंध नसताना, एकाच टेबलावर चहा पिणारे दोन सर्जन एकाच एमआरआयला दोन वेगळे नंबर देतात. हे कुणी ऐकून घेत नाही, म्हणून एकदा सगळं लिहितो.

नंबर म्हणजे ओएफ (ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर) वर्गीकरण, ठिसूळ हाडाचा मणका किती मोडलाय त्याचे प्रकार. जर्मनीतल्या अस्थिशल्य आणि अपघात-शल्य तज्ज्ञांच्या संघटनेने हे पाच प्रकार ठरवले. ओएफ-१ मध्ये मणक्याचा आकार शाबूत असतो, फक्त एमआरआयच्या विशिष्ट चित्रात आतली सूज चमकते. ओएफ-४ म्हणजे वरची आणि खालची दोन्ही पृष्ठं गेलेली, ओएफ-५ म्हणजे मणका ताणला किंवा पिळला गेलेला. ही टोकं ओळखताना वाद कमी होतात. भांडण होतं ते दोन आणि तीनमध्ये. दोन्हीत एकच पृष्ठ खचलेलं असतं. फरक एवढाच, की मज्जारज्जूच्या बाजूची मागची भिंत पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी दुखावली की जास्त. आता पंच्याहत्तरीच्या बाईंची ती भिंत आधीच थोडी वाकलेली असते, खालच्या मणक्यात जुना दबलेला भाग असतो, आणि फिल्म काढताना त्या कळ सोसत हललेल्या असतात. यातून पाचवा हिस्सा मोजायचा.

हे वर्गीकरण मांडणाऱ्यांनी परीक्षकांमधली सहमती मोजली तेव्हा तिचा आकडा, ज्याला संख्याशास्त्रात 'कप्पा' (kappa) म्हणतात, ०.६३ आला. म्हणजे शंभरातल्या त्रेसष्टांवर एकमत झालं असं नव्हे. नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा करून उरलेल्या सहमतीचं ते माप आहे, एक म्हणजे पूर्ण जुळणं. लँडिस आणि कॉख या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ०.६१ ते ०.८० या पट्ट्याला 'भरीव' म्हटलं, पण या सीमारेषा आपण आपल्या मनाने आखल्या आहेत हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. आम्ही 'भरीव' तेवढं उचललं.

मीही उचललं होतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

एक आजी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून गावाकडून येत होत्या. गाडी खड्ड्यात आदळली आणि कमरेत कळ आली. तीन दिवसांनी मुलगी त्यांना घेऊन आली. कमरेचा पहिला मणका. मी फिल्म लाइटवर लावली आणि म्हणालो, दोन नंबर, बेल्ट, गोळ्या, घरात जपून चालायचं, सहा आठवड्यांनी या. मुलीने पिशवीतून दुसरा कागद काढला. दुसऱ्या सर्जननी तीन नंबर लिहून ऑपरेशन, म्हणजे मणक्यात स्क्रू आणि हाडाचं सिमेंट, सुचवलं होतं. तिने अगदी नम्रपणे विचारलं, "मग आम्ही कुणाचं ऐकायचं?"

मी म्हणालो, "माझं."

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. बाहेर रांग होती हे कारण नाही. मला खात्री होती, आणि माझ्यावर शंका घेतली गेली याचा रागही होता. दोन्ही खरं आहे.

पाचव्या आठवड्यात त्या स्ट्रेचरवरून आल्या. मणका चपटा झाला होता, भिंतीचा तुकडा मागे सरकला होता, पायांत जोर नव्हता, लघवी अडली होती. त्याच रात्री ऑपरेशन केलं. पाय परत आले, पण पूर्ण नाही. वॉकर सुटला नाही.

नंतर मी पहिली सीडी कितीदा लावली ते मोजलं नाही. मागच्या भिंतीत एक बारीक पांढरी रेघ आहे. ती पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाते का? शेवट माहीत असलेल्या माणसाला ती जातानाच दिसते. एका सहकाऱ्याला काहीही न सांगता फिल्म दाखवली, तो म्हणाला दोन. दुसरा म्हणाला तीन. मग रेसिडेंटला सांगितलं, नावं झाकून ही फिल्म बाकीच्यांत मिसळ, काही महिन्यांनी मला वाचायला दे. मी तीन लिहिलं. लिहिताना खालच्या मणक्यातला जुना दबलेला भाग ओळखीचा वाटला होता. म्हणजे त्या परीक्षेलाही अर्थ उरला नाही.

तेव्हाचा मी आजच्या मला म्हणतो: दोन नंबर चूक नव्हता, अर्ध्यांनी तोच दिला असता. आणि सगळ्यांनाच सिमेंट भरायचं का? २००९ मध्ये खोट्या प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या दोन चाचण्या आल्या आणि दुखण्यात फरक दिसला नाही, हे विसरलास? ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात, सिमेंट गळतं, तेही तू पाहिलंयस.

हे सगळं मला मान्य आहे. पण एमआरआय आडवं झोपवून काढतात आणि मणका खचतो उभं राहिल्यावर. आठवड्याभरात उभं करून साधा एक्स-रे काढला असता, तर मणका अजून खचतोय का ते कळलं असतं. जर्मन मंडळींनी उपचार ठरवण्याच्या गुणपत्रिकेत नंबराखेरीज नेमकं हेही धरलंय: मणका खचत चाललाय का, दुखणं किती, रुग्ण चालतो का, हाडांची घनता किती. मी नंबरावर थांबलो. खात्री होती म्हणून सहा आठवडे दिले. त्या दुसऱ्या सर्जनना फोन करून "तुम्हाला भिंतीत काय दिसलं?" एवढंही विचारलं नाही.

म्हणून हल्ली मी कागदावर "दोन किंवा तीन" असं लिहितो आणि लवकर परत बोलावतो. हे बरोबर आहे का? गेल्या सोमवारी एका मुलाने तो कागद उलटसुलट करून विचारलं, "पण डॉक्टर, नक्की किती?" मी म्हणालो, नक्की मलाही सांगता येत नाही, शुक्रवारी वडिलांना घेऊन या, उभं करून एक्स-रे काढू. त्याने सीडी मागितली. मी दिली.

शुक्रवारी ते आले नाहीत.